शंका-समाधान : बंबाची लकाकी आणि महामार्गावरचा दुसरा अपघात

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. नातवाला घेऊन सुरसागरावर फिरायला जाताना अग्निशमन केंद्रावरून जावे लागते. तिथे लाल बंब ओळीने उभे असतात आणि बहुधा कोणी ना कोणी जवान एखादा बंब धूत किंवा पुसत असतो. परवा नातवाने विचारले, "आजी, आग विझवायला गेल्यावर ही गाडी काळीच होणार ना? मग हे काका तिला एवढी पुसतात कशाला?" मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर भर उन्हाळ्यात गाडी धुण्यावर पाणी घालवावे का, असेही मनात आले. — एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या पिढीला याचे अर्धे उत्तर घरातच सापडेल. न्हाणीघरातला तांब्याचा पाण्याचा बंब आठवून पाहा. चिंच आणि राख लावून तो घासताना हात त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरत असे, आणि म्हणूनच तोटीचा डाख सुटत आला आहे किंवा बुडाशी ओल धरू लागली आहे, हे तांबटाच्या कितीतरी आधी घासणाऱ्या बाईला कळत असे. आगीच्या बंबाचेही नेमके तेच आहे. जवान गाडी पुसत असतो, तेव्हा तो गाडी तपासत असतो. चाकांचे नट, हवेच्या ब्रेकच्या नळ्या, पंपाखालचे जोड, कप्प्यांची शटरे, शिडीचे पट्टे या सगळ्यांवरून फडका फिरतो आणि फडक्यामागून नजर फिरते. शिवाय गाडी स्वच्छ आणि तिच्याखालची फरशी कोरडी असली, तर रात्रीतून पडलेला तेलाचा एक थेंबदेखील सकाळी स्पष्ट दिसतो. चिखलाने माखलेल्या गाडीखाली तोच थेंब आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

अग्निशमन दलातल्या माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. एका लहान गावच्या केंद्रात (नाव सांगण्यात अर्थ नाही) पावसाळ्यात दोन-तीन कॉल पाठोपाठ झाले आणि चिखलाने भरलेले सक्शन पाइप कुणी न धुता तसेच गाडीवर चढवून ठेवले. पुढच्या कॉलला गाडीची टाकी संपल्यावर विहिरीत सक्शन सोडला, तर पंप पाणीच उचलेना. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो फक्त पाइपातली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने हा दाब पाणी सुमारे १० मीटर चढवतो, व्यवहारात सात-साडेसात मीटर मिळाले तरी पुष्कळ. पण जोडातून बोटाच्या नखाएवढ्या फटीनेही हवा आत शिरली, तर सगळा खेळ संपतो. आमचेही तसेच झाले. जोडातले रबरी वायसर चिखलात वाळून एका बाजूने चिरले होते. पाइप धुऊन ठेवला असता तर धुणाऱ्याच्या बोटांना ती चीर लागली असती. गवताची गंजी तेवढ्यात जळून गेली. माणसांना काही झाले नाही, हे आमचे नशीब.

आता लकाकीच्या हौसेबद्दल. बंब हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बोंबा' या शब्दावरून आला असे मानतात आणि त्याचा मूळ अर्थ पंप असा आहे. आपले गुजराती शेजारी आगीच्या गाडीला लायबंबो म्हणतात, त्यातही तोच बंब आहे. लंडनमध्ये १८२९ साली वाफेवर चालणारा आगीचा पंप पहिल्यांदा तयार झाला, आणि पुढे घोड्यांनी ओढायचे जे वाफेचे बंब रूढ झाले, ते म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचे थोरले भाऊच होते : मध्ये विस्तव, भोवती पाणी आणि बाहेरून घासून घासून आरशासारखे केलेले पितळ. अमेरिकेत त्या काळी मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या स्वयंसेवक तुकड्या आपापला पंप चित्रकारांकडून रंगवून घेत आणि मिरवत. ती मिरवण्याची हौस आजच्या जवानांत थोडीफार उतरली आहे, आणि मला त्यात काही वावगे दिसत नाही. ज्या गाडीच्या भरवशावर धुरात शिरायचे, तिच्यावर जीव असावाच लागतो. नोझलचे आणि कपलिंगांचे (पाइप जोडायच्या तोंडांचे) पितळ ब्रासो लावून चकचकीत ठेवण्यामागे मात्र हौसेखेरीज एक कारण आहे. हिरवा गंज चढलेले कपलिंग ऐन वेळी एका झटक्यात बसत नाही.

पाण्याची आपली काळजी रास्त आहे. पण साधारण बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी असते आणि पंपाची चाचणी घेताना तेच पाणी पंपातून फिरवून पुन्हा टाकीत सोडता येते. बादली-फडक्याने गाडी पुसण्याचे पाणी त्यापुढे किरकोळ आहे. नळी मोकळी सोडून गाडी धुतलेली दिसली, तर आपण केंद्रावर जाऊन जरूर सांगावे.

नातवाला सांगण्याजोगे दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. बंबाच्या कडेने आणि मागच्या बाजूला चमकत्या पट्ट्या लावलेल्या असतात. या पट्ट्यांत बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्या पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता जिथून आला तिथेच परत पाठवतात. मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा उजेड त्या गाडीच्या चालकाच्याच डोळ्यांकडे परत जातो, म्हणून पट्टी जणू स्वतःच पेटली आहे असे त्याला वाटते. पण त्या मण्यांवर धुळीचा किंवा काजळीचा थर बसला, की उजेड जातानाही अडतो आणि येतानाही अडतो, म्हणजे नुकसान दुप्पट होते. आगीवरून परतलेल्या गाडीची पट्टी पुसली नाही, तर पुढच्या रात्री ती गाडी रस्त्यावर असून नसल्यासारखी होते. जवानांच्या अंगरख्यांवरच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

बंब लाल असतो म्हणून तो उठून दिसतो, अशी सर्वांची समजूत असते. दिवसा ती खरी आहे. संध्याकाळी मात्र अंगणातल्या जास्वंदीकडे पाहा : दिवेलागणीला फूल काळपट होते आणि पाने अजून हिरवी दिसत राहतात. अंधारात आपल्या डोळ्यांचे काम ज्या पेशी करतात, त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट फुलांवरूनच टिपली होती. अमेरिकेतील डॅलस शहरातील बंबांच्या चार वर्षांच्या अपघातांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात लिंबासारख्या पिवळ्या-हिरव्या बंबांपेक्षा लाल बंबांना इतर वाहनांशी टक्कर होण्याचा धोका बराच जास्त आढळला. विमानतळांवरील आपत्कालीन गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत लाल किंवा पिवळसर हिरवा असे दोन्ही रंग सुचवलेले आहेत. तरीही आपल्याकडचे बंब लालच राहावेत असे मला वाटते, कारण गाडी दिसणे जितके गरजेचे, तितकेच ती बंब आहे हे क्षणात ओळखू येणेही गरजेचे आहे, आणि लाल म्हणजे बंब हे आपल्या नातवालाही शिकवावे लागलेले नाही. अंधारातली उणीव पट्ट्यांनी भरून काढायची असते. म्हणूनच त्या पुसायच्या.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर स्फोट झाले आणि ६६ अग्निशामक प्राणांस मुकले. त्या आठवड्यात अनेक केंद्रांवर प्रात्यक्षिके होतात. नातवाला घेऊन जावे आणि पंपाजवळ उभे राहून जवानांनाच विचारावे. ते आनंदाने दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : काही दिवसांपूर्वी भरूचहून रात्री परतताना जांबुवाच्या अलीकडे महामार्गावर अपघात झाला होता. एक मोटार आणि एक ट्रक डाव्या लेनमध्येच होते, पण आगीचा बंब मात्र दोन लेन अडवून तिरका उभा केला होता. पाऊण तास आम्ही अडकलो. त्यातून त्या लखलखत्या दिव्यांनी डोळे दिपत होते. वाहतूक मोकळी करायची सोडून ही मंडळी रस्ता अडवतात कशासाठी? — एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : आपला त्रागा समजू शकतो, पण तो बंब तिथे भिंत म्हणून उभा होता. रस्त्यावरच्या अपघातात मदतीला गेलेल्यांना खरी भीती झालेल्या अपघाताची नसते, ती पुढच्या गाडीची असते. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली, त्यांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि टकरींच्या प्रकारांत मागून येऊन आदळण्याचा प्रकार सर्वांत मोठा होता. मोडलेल्या मोटारीचा दरवाजा कापत गुडघ्यावर बसलेल्या जवानाची पाठ वाहतुकीकडे असते आणि यंत्राच्या आवाजात त्याला मागचे काही ऐकू येत नाही.

हिशेब करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे मेंदूत उतरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ३३ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनिशी थांबायला आणखी साधारण ३६ मीटर लागतात. एकूण ७० मीटरच्या आसपास. रस्ता ओला असेल किंवा मागून भरलेला ट्रक येत असेल, तर अंतर आणखी वाढते. उलट डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस तीस-चाळीस मीटरवर आल्यावरच दिसतो. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत माणसे मरतात.

म्हणून बंब अपघाताच्या अलीकडे, म्हणजे वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला, काही अंतर राखून उभा करतात. तो तिरका ठेवला की मागून येणाऱ्याला त्याची कडेची पट्टी आणि पाठ दोन्ही दिसतात, आणि गाडी चालत नसून उभी आहे हेही कळते. सरळ उभा केलेला बंब रात्री पुढे चाललेल्या गाडीसारखा भासतो आणि मागचा चालक वेग कमी करत नाही. पुढची चाके काम चाललेल्या जागेपासून दुसरीकडे वळवून ठेवतात, म्हणजे मागून धक्का बसलाच तर बंब आपल्याच माणसांवर न जाता बाजूला ढकलला जातो. भरलेल्या टाकीच्या बंबाचे वजन लक्षात घेता मोटारीची धडक तो बहुतेक पेलतो. दुसरी लेन अडवली, कारण कामाला दोन्ही बाजूंना जागा लागते. जवानाचा एक पाय मोडलेल्या मोटारीजवळ आणि दुसरा धावत्या लेनच्या रेघेवर, अशा स्थितीत कोणी काम करू नये.

अमेरिकेतील मानकांत बंबाच्या पाठीच्या निदान निम्म्या भागावर लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्या असाव्यात अशी अट २००९ पासून घातली गेली. पट्टे सहा इंच रुंद असतात आणि मधल्या रेषेपासून खाली-बाहेर उतरतात, जणू येणाऱ्याला बाजूने जा असे सांगतात. आपल्याकडच्या प्रत्येक गाडीच्या पाठीवर तेवढे झाले तरी पुष्कळ काम होईल.

दिव्यांची आपली तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. धावत्या बंबाला रस्ता मिळवण्यासाठी जेवढा लखलखाट हवा, तेवढा उभ्या बंबाला लागत नाही. उलट दिपलेल्या डोळ्यांना बंबापलीकडे उभा असलेला माणूस दिसत नाही, आणि अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. त्याच मानकांत धावताना एक आणि उभे असताना दुसरी अशी दिव्यांची वेगवेगळी योजना आहे. उभे असताना पांढरे लखलखते दिवे बंद ठेवायचे असतात. समोरच्या वाहतुकीच्या डोळ्यांत जाणारे हेडलाइटही बंद करावेत. आपल्याकडे ही सवय अजून सर्वत्र रुळलेली नाही. चालकांमध्ये एक म्हणणे आहे, नजर जिकडे स्टिअरिंग तिकडे. दिव्यांकडे किंवा चेपलेल्या मोटारीकडे टक लावून पाहणारा नकळत तिकडेच सरकतो, म्हणून अशा जागेवरून जाताना आपली नजर आपल्या लेनवर ठेवावी. दुभाजकापलीकडच्या चालकांनी वेग कमी करून 'काय झाले' ते पाहू लागणे, हेही तितकेच घातक. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांविषयी न लिहिलेलेच बरे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि दुचाकीवर वाघोडियाला जातो-येतो. अपघात दिसला तर थांबावे असे वाटते, पण घरचे म्हणतात, पोलिसांच्या फेऱ्यांत अडकशील. थांबलो तर नेमके काय करावे? — एक विद्यार्थी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : आधी घरच्यांच्या भीतीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार होण्याचीही नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही किंवा पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची बक्षिसाची योजना आहे, तिची रक्कम २०२५ मध्ये ५,००० वरून २५,००० रुपये करण्यात आली. हे घरी वाचून दाखवा.

आता थांबण्याविषयी. आपली दुचाकी अपघाताला चिकटून लावू नका. शक्यतो तो ओलांडून पुढे, रस्त्याच्या डांबरापासून पूर्ण बाहेर, डावीकडे लावा. मग उतरल्या उतरल्या जखमीकडे धावू नका, हे वाचायला कठोर वाटेल. आधी मागे वळून वाहतूक पाहा आणि मोबाइलचा दिवा लावून, रस्त्याच्या कडेबाहेरून, मागच्या वाहनांना सावध करण्याची सोय करा. मोटारीत लाल त्रिकोण असेल तर तो अंगापुढे धरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालत जा आणि महामार्गावर निदान शंभर मीटर अलीकडे ठेवा. ब्रिटनमधील नियम साध्या रस्त्यावर ४५ मीटर सांगतो आणि द्रुतगती मार्गावर त्रिकोण ठेवायला जाऊच नका असे बजावतो, कारण तिथे ठेवायला जाणाराच चिरडला जातो. आपल्या अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्गावरही मी तोच सल्ला देईन : कठड्यापलीकडे जा आणि फोन करा.

फोन ११२ वर करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१ आणि राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी १०३३ हेही क्रमांक आहेत. 'कपूराईच्या पुढे' एवढ्याने भागत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि वाहने कोणत्या शहराकडे जात आहेत ते सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेची बरीच मिनिटे वळसा घालण्यात जातात.

जखमीला हलवू नये, जोवर आग, गळती किंवा येणारी वाहने यांचा धोका नाही. श्वास घेता येत नसेल तरच हेल्मेट काढावे, तेही मान धरून दोघांनी. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि ते उघडून पाहत बसू नये. पाणी पाजू नये. गाडीची चावी बंद करावी. बडोद्यात सीएनजी वाहने पुष्कळ, त्यांची टाकी सुमारे २०० बारच्या दाबाने भरलेली असते. फुसफुस ऐकू आली किंवा वास आला, तर माणसांना दूर न्यावे, कुणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. विजेच्या मोटारीतल्या नारिंगी वायरींना हात लावू नये.

कोयलीची रिफायनरी जवळ असल्यामुळे आपल्या भागात टँकर सतत असतात. त्यांच्या पाठीवर नारिंगी पाटीवर चार आकड्यांचा क्रमांक असतो : १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. कलंडलेल्या टँकरजवळ जाऊ नका. वारा आपल्या पाठीकडून टँकरकडे जाईल अशा बाजूला लांब उभे राहून तो आकडा वाचा आणि फोनवर सांगा. बंब निघतानाच फोम (आग दडपणारा फेस) घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरते.

बंब किंवा रुग्णवाहिका आल्यावर वाट मोकळी करा. तिला अडवणे हा कलम १९४-ई खाली दंडनीय गुन्हा आहे, त्यात १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि बंद पडलेल्या ट्रकभोवती आपल्याकडे जे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात, ते ट्रक गेल्यावरही बहुधा रस्त्यावरच राहतात. रात्री दुचाकीच्या दिव्यात ते दिसत नाहीत. पोलीस किंवा जवान तिथे असतील तर त्यांना दाखवा आणि वाहतूक थांबलेली असतानाच ते उचलून कडेला टाका.